तारा किती नंबरवर आला?

जुनी शुक्रवारी, नागपूर
१ सप्टेंबर १९७५

श्री. रुपराव हेडाऊ गुरुजी, पवनी, यांस मनोहरराव निनावे याचा नमस्कार.

शनिवारी तुम्ही, तुमच्या अक्का आणि चिरंजीव कृष्णकांतराव येऊन गेलात. आमची पुष्पलता तुम्हाला पसंत पडली, सुपारी फुटली, माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. तुमची बस सुखरूप पोचली असेलच.

आता खरी बातमी. तुम्ही गेल्यावर आठच्या सुमारास मी आणि पुष्पा गच्चीवर गेलो. पाऊस उघडला होता. जवळजवळ डोक्यावर हंस नावाचा तारकासमूह असतो, त्याच्या शेपटीजवळ एक तारा जास्तीचा! मी एकवीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे, आभाळ मला पाठ आहे. पुष्पाला म्हटलं, हा कोण पाहुणा? आज पेपरातही आलं आहे. जपानात कोणीतरी आदल्या दिवशीच पाहिला म्हणे. त्याचं मला दुःख नाही, थोडंसंच आहे.

असा तारा नवा नसतो बरं का. तो जुनाच असतो, पण इतका मिणमिणता की कोणाच्या खिजगणतीत नसतो. एक दिवस त्याच्यावर स्फोट होतो आणि तो हजारो पटींनी उजळतो. आमच्या साहेबांनी रोज त्याचं तेज मोजून रजिस्टरात लिहायचं काम माझ्याकडे दिलं आहे. शेजारच्या ओळखीच्या ताऱ्यांशी ताडून आकडा ठरवायचा असतो. पुष्पाची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण, म्हणून मोजते ती आणि सही मी करतो.

मी विज्ञान खात्यातला माणूस, शकुन-बिकुन मानत नाही. पण गुरुजी, इकडे सुपारी फुटते काय आणि तिकडे आभाळात दिवा लागतो काय! अक्कांना अवश्य सांगा.

तुमचा व्याही,
मनोहरराव


पवनी
५ सप्टेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं पत्र अक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. आता तुम्हीच भोगा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण तुळसाबाई, तुम्ही पाहिलीच. कृष्णकांतची आई गेल्यापासून त्याला तिनंच वाढवलं, म्हणून या घरात तिच्यापुढं माझं काही चालत नाही. चाळीस वर्षं तिनं मागावरच्या विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी अजून सूत बोटांत धरून त्याचा नंबर सांगते. मी मात्र मास्तरकीला लागलो आणि सुताशी माझा संबंध सुटला.

तर अक्कानं निकाल दिला आहे, तो जसाच्या तसा लिहितो. "हा दिवा त्या पोरीच्या नावानं लागला. तो चढत गेला तं तुळशीचं लगन झाल्याबरोबर पहिला मुहूर्त धरा. अन् विझला, तं सुपारी वापस करा. विझत्या दिव्याची सून मले नाही पाहिजे."

मी म्हटलं, अक्का, शिकलेली माणसं आहेत, असं कसं लिहू? ती म्हणाली, लिहून राहिला का नाही तेवढं सांग. म्हणून लिहिलं. दर आठवड्याला ताऱ्याचा आकडा न चुकता कळवा, मी तिला वाचून दाखवीन. बाकी मी तुमच्याच बाजूचा आहे, पण घरात नाही, फक्त पत्रात.

आपला,
रुपराव


जुनी शुक्रवारी, नागपूर
९ सप्टेंबर

गुरुजींना नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग पाणी पिऊन तिसऱ्यांदा वाचलं.

आकडे मागितलेत, ते देतो. रजिस्टरातले आहेत, एकही पदरचा नाही:

३० ऑगस्ट – २
२ सप्टेंबर – साडेतीन
४ सप्टेंबर – ५
७ सप्टेंबर – ६

मधले काही दिवस ढग होते. आकडा पहिल्यापासून एकसारखा चढून राहिला आहे, हे तुम्हाला दिसेलच. मी त्यावर काही मत देत नाही. शास्त्रात आकडा लिहून गप्प बसायची पद्धत आहे.

अक्कांना माझा साष्टांग नमस्कार. शकुनाचं मी जे लिहिलं होतं ते आनंदाच्या भरात लिहिलं, त्यांनी फार मनावर घेऊ नये.

मनोहरराव


नागपूर
११ सप्टेंबर

श्री. कृष्णकांत यांस,

पत्र पाहून दचकू नका. इथून जवळच वाडी गावात तुमची खोली आहे, तिचा पत्ता बाबांच्या डायरीतून घेतला. त्यांना विचारलेलं नाही.

बाबांनी तुमच्या घरी ताऱ्याचे आकडे पाठवले आहेत. आकडे खरे आहेत, पण त्यांच्यामागचा नियम बाबांनी लिहिला नाही. ताऱ्यांची प्रतवारी उलटी असते. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, त्याहून फिके दुसऱ्या, असं करत सहाव्या प्रतीचा तारा जेमतेम दिसतो. आकडा चढला म्हणजे तारा विझत चालला. आपला तारा दोन दिवस झगमगला आणि तिसऱ्या दिवसापासून धाडकन उतरला. मी आलेख काढला आहे, तो पाहिला तर वाटतं की कोणी जिन्यावरून पडलं. पुढं उतार मंद होईल, पण उतारच आहे.

मी बाबांना विचारलं, हे काय केलंत? ते म्हणतात, "मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही." नाहीच लिहिलं! पण रजिस्टर माझ्या अक्षरात आहे. मोजणी माझी आहे. माझ्या खऱ्या आकड्यांनी तुमच्या घराला फसवलं, आणि त्याच घरात मी आयुष्यभर राहायचं? मला राग आला आहे आणि भीतीही वाटते, दोन्ही खरं आहे. तुम्ही आत्याबाईंना सांगणार असाल तर सांगा.

पुष्पलता


वाडी
१३ सप्टेंबर

पुष्पलताबाई,

हिंगण्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये तुमचं पत्र वाचलं. तीन जणांनी खांद्यावरून वाचायचा प्रयत्न केला. आलेख, प्रत वगैरे पाहून त्यांना वाटलं मशीनचं काही असेल, म्हणून वाचलो.

आत्याला आत्ताच सांगू नका. तिचं डोकं तापलं की आठ दिवस थंड होत नाही आणि बाबा अशा वेळी शेजारी जेवायला जातात. दसऱ्यानंतर तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते होऊ द्या, मग मी स्वतः सांगतो. खरं सांगायची हिंमत एकदम येत नाही, मी जमा करून राहिलो आहे.

तारा फिका पडला तर पडला. मला सुपारी वापस नको आहे, हे लिहून ठेवतो. रविवारी सुट्टी असते. आलेख पाहायला येऊ का? ढग असले तरी येतो. तारा दिसला नाही याचीही रजिस्टरात नोंद करावी लागत असेल ना?

कृष्णकांत


पवनी
२० सप्टेंबर

व्याहीबुवा! व्याहीबुवा!

दोनाचे सहा! हातात पत्र घेऊन मी अख्ख्या आळीत फिरलो. माझ्या शाळेत कवडू नावाचा पोरगा होता, गणितात दोन मार्कांवरून सहावर आणायला मला तीन वर्षं लागली. तुमच्या ताऱ्यानं आठ दिवसांत केलं.

आणि आता आम्हीही तारा पाहून राहिलो. रोज आठच्या सुमारास कडुलिंबाच्या मागून वर येतो. काय तेज, बाप्पा! परवापेक्षा काल जास्त, कालपेक्षा आज जास्त. तुम्ही तो डोक्यावर असतो असं लिहिलं होतं, पण पवनीत तो पूर्वेला निघतो. गावोगावचा फरक असेल. शेजारच्या देवाजीनं गुरूचा ग्रह आहे अशी शंका काढली. त्याला मी म्हटलं, कॉलेजातला माणूस कळवून राहिला आहे, तू तुझी पानटपरी सांभाळ.

अक्काला सगळे आकडे वाचून दाखवले. तिनं पुन्हा एकदा म्हणायला लावले. दोन, साडेतीन, पाच, सहा. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसली. मी विचारलं, खुश आहेस ना? "पाहू," म्हणाली. अक्काच्या तोंडचा "पाहू" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा पेढा समजा.

नागपूरला धंतोलीतल्या दवाखान्यात दसऱ्यानंतर तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. कृष्णकांतच्या खोलीवर राहील. ती म्हणते, चष्मा लागला की पहिल्यांदा त्या पोरीच्या गच्चीवर जाऊन त्या पोरीचा तारा पाहीन, मगच मुहूर्त. तयारीत राहा.

एक शंका. आकडा पैकी किती? दहापैकी का शंभरपैकी?

आपला आनंदी व्याही,
रुपराव


नागपूर
२७ सप्टेंबर

गुरुजी,

आज आकडा साडेसात. पैकी असं काही नसतं, जितका जाईल तितका जातो.

अक्कांच्या ऑपरेशनची एवढी घाई काय आहे? मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा, असं मी कुठंतरी वाचलं आहे. चारसहा महिने थांबायला हरकत नसावी. लग्न आधी उरकून घेतलं तर अक्कांच्या सेवेला घरात सूनही असेल. हे मी त्यांच्या डोळ्यांच्या काळजीनं सुचवतो आहे.

कृष्णकांतराव दर रविवारी तारा पाहायला येतात. मागच्या रविवारी धो धो पाऊस होता, तरी मोटरसायकलवर भिजत आले आणि दोन तास आलेख पाहिला. एवढ्या वेळात मी अख्खी लॅब पुसतो. शेजारच्या शोभाताई हसून राहिल्या होत्या. मुलगा गुणी आहे हो. तो हातचा जाऊ नये एवढंच मला वाटतं.

मनोहरराव


पवनी
३ ऑक्टोबर
(कार्ड)

तुमचा सल्ला अक्काला वाचून दाखवला. ती म्हणाली, "व्याह्याले मी आंधळी काहून पाहिजे?" ऑपरेशन सोळा तारखेलाच आहे. साडेसात ऐकून पुन्हा बोटं घासली. आमचा तारा आता इतका ठळक झाला की कंदील लावायची गरज नाही. – रुपराव


जुनी शुक्रवारी, नागपूर
१० नोव्हेंबर

गुरुजी,

हे पत्र अक्कांना वाचून दाखवायच्या आधी स्वतः वाचा. दार लावून वाचा.

अक्कांना शनिवारी चष्मा मिळाला आणि काल, रविवारी, कृष्णकांतराव त्यांना घेऊन आले. काच एवढी जाड की त्यातून अक्कांचा डोळा बशीएवढा दिसत होता. त्या डोळ्यानं त्यांनी आधी मला पाहिलं. मी नमस्कार केला. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि म्हणाल्या, "चाल वं पोरी, दाखव तुया तारा."

सात वाजले होते. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. गुरुजी, आता मनातलं पाप सांगतो. पूर्वेला तुमचा तो कडुलिंबामागचा तारा लखलखत होता. तो तारा नाही. देवाजी बरोबर आहे, तो गुरू ग्रह आहे, आणि हे मला वीस सप्टेंबरच्या पत्रापासून माहीत होतं. तेव्हापासून मी ठरवून ठेवलं होतं, अक्का आल्या की तिकडे बोट दाखवायचं. मी दाखवलंही. म्हटलं, "तो पाहा अक्का, केवढा!" शब्दात खोटं नव्हतंच, मी तारा म्हटलंच नाही.

अक्कांनी मान वर केली. कितीतरी वर्षांत त्यांना आभाळात काही दिसलं नसेल. तोंड उघडं ठेवून पाहत राहिल्या. मला वाटलं, जमलं. मी पुष्पाला डोळ्यानं खुणावलं, गप्प राहा.

ती म्हणाली, "आत्याबाई, तो गुरू आहे. तो दरवर्षी असतो. माझा तारा तिकडे आहे, उत्तरेला, आणि तो तुम्हाला दिसणार नाही. मलाही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. दोन दिवस दिसला, मग विझत गेला. बाबांनी चढते आकडे पाठवले, ते विझण्याचेच आकडे आहेत. मला हे तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं. दोन महिने मी गप्प बसले, ती चूक माझी."

कृष्णकांतराव पुढे होऊन म्हणाले, "आत्या, मी सांगणार होतो." अक्का म्हणाल्या, "कधी? पोरं झाल्यावर?"

मग त्यांनी पुष्पाला विचारलं, "आज किती नंबर?" ती म्हणाली, "नऊच्या घरात. कॉलेजच्या दुर्बिणीतून काल मोजला." अक्कांनी बोटं घासली, काठी घेतली आणि जिना उतरून थेट सायकलरिक्षात जाऊन बसल्या. "येतो" सुद्धा म्हणाल्या नाहीत. आज सकाळच्या बसनं पवनीला निघाल्या म्हणे.

गुरुजी, मी तुम्हाला फसवलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही असं पोरीला दोन महिने सांगत आलो, पण काल तिच्यासमोर उभं राहवेना. सुपारी परत करायची असेल तर माझ्या चुकीसाठी करा, ताऱ्यासाठी नको. पोरीनं सगळं घालवलं असं तिची आई म्हणते. मला रात्रभर वाटत राहिलं की घरात तेवढी एकच जण सरळ निघाली.

अपराधी,
मनोहरराव


पवनी
१४ नोव्हेंबर

मनोहरराव,

हे पत्र अक्का सांगून राहिली आणि मी लिहून राहिलो. एकही शब्द गाळायचा नाही असा हुकूम आहे. नवा चष्मा लावून समोर बसली आहे. अक्षर वाचता येत नाही तिला, पण मी लिहितो का नाही ते आता दिसते. पुढचं सगळं तिचं.

"व्याहीबुवा, तुमचं दार लावून वाचायचं पत्र मी दार उघडून वाचायले लावलं.

तुम्ही मोठे कॉलेजातले, अन् हा माया भाऊ मोठा मास्तर. (हो, हेही लिही, रुपराव.) हा दोनाचे सहा झाले म्हनून आळीत पेढे वाटून आला. मी चाळीस वर्सं सूत हातात धरलं. दहा नंबराचं सूत जाडंभरडं, त्याची सतरंजी होते. चाळीसचं त्याहून बारीक. शंभरचं एवढं बारीक का बोटाले लागतच नाही. नंबर चढला का सूत बारीक होते, हे आमच्या आळीतली शेंबडी पोरगीही सांगते. तुमचं आकड्याचं पयलं पत्र ऐकलं तवाच मले समजलं, तारा बारीक होऊन राहिला अन् व्याही मले येडी समजून राहिला.

सुपारी तवाच वापस करनार होती. मग ऐकलं का आमचं पोट्टं पावसात भिजत ढगातला तारा पायले जाते. म्हनलं, थांब तुळसा. तारा तं गेला, मानसं कशी हायेत ते पाहू. या दोन घरांत मले खरं कोन सांगते, ते पाहू. दोन महिने वाट पायली. तुम्ही नाही सांगितलं. रुपरावले कळलंच नाही, त्याची गोष्ट सोडा. (लिहिलं का? वाच बरं.) कृष्णा सांगतो सांगतो करत बसला. अन् तुम्ही तं मले भलताच तारा दाखवून राहिले होते.

त्या पोरीनं सांगितलं. मले दिसत नव्हतं तरी सांगितलं, अन् लगन मोडन हे माहीत असून सांगितलं. तवा मले रडू आलं. आपरेशनच्या डोळ्यातून पानी काढू नका असं डाक्टरनं बजावलं हाय, म्हनून मी कोनाशी न बोलता रिक्षात जाऊन बसली. तुमच्यावर रागावली होती तेही खरंच.

विझत्या दिव्याची सून नाही पाहिजे असं मी म्हनलं होतं. बोलली ते बोलली, आता ते वापस घेतो. मुहूर्त पाहा, तुळशीचं लगन होऊन राहिलं. पयलाच धरा. साक्षगंधाले पोरीनं नेसायचं पातळ मी इथंच मागावर लावलं हाय, शंभर नंबराचं, रंग पोरीले विचारून कळवा. तिच्या मायले सांगा, पोरीले बोलू नको.

एक अट हाय. लगनात तुम्ही भाषन करू नका.

अन् पोरीले सांगा, लगन झाल्यावरही त्या ताऱ्यावर नजर ठेव. दर महिन्याले तारा किती नंबरवर आला ते मलेच सांगत जाय, रुपरावच्या हातून नको."

अक्काचं संपलं. माझं एवढंच की देवाजीची माफी मागायला मी आत्ता त्याच्या टपरीवर जाऊन राहिलो. तो फुकटचं पान देणार नाही, आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत बसेल. तुमच्यामुळं हे ऐकावं लागणार आहे, तेव्हा मुहूर्ताच्या दिवशी पहिला विडा मला तुमच्या हातचा पाहिजे.

तुमचा व्याही, आता पक्का,
रुपराव